न झेललेला चेंडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेने धावत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलतो, तो वाइड रिसीव्हर. साखळी सामने संपले की बाद फेरी. तिथे एकदा हरलात की घरचा रस्ता! अशा वेळी थोर कोणाला म्हणावे? मला जेरी राइस आठवतो.

मिसिसिपीतल्या एका गवंड्याचा हा मुलगा. वडिलांच्या हाताखाली काम करताना भावांनी फेकलेल्या विटा झेलता झेलता त्याचे हात तयार झाले. २२ जानेवारी १९८९ चा अंतिम सामना, सुपर बोल. त्याचा संघ सॅन फ्रान्सिस्को, सिनसिनाटीविरुद्ध १३-१६ असा मागे. जेमतेम तीन मिनिटे उरलेली, आणि जायचे होते ९२ यार्ड. राइसने तीन झेलांत ५१ यार्ड मिळवून दिले. शेवटी १० यार्ड राहिले. राइस आडवा धावला, बचावाचे लक्ष तिकडे ओढले गेले, आणि जो मोंटानाने चेंडू दिला जॉन टेलरला. ३४ सेकंद राखून २०-१६!

राइसचे त्या दिवशीचे ११ झेल, २१५ यार्ड नोंदवहीत आहेत. सामन्याचा मानकरीही तोच ठरला. मला मात्र त्याचे मोठेपण त्या न झेललेल्या चेंडूत दिसते. मी आयुष्यभर प्रगतिपुस्तके भरली, पण अशा कामासाठी त्यात रकानाच नव्हता.