पाच माकडं का चालत नाहीत?

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण सोडवताना तुम्ही शेवटी एक ओळ हमखास लिहिली असेल : ‘परंतु वय ऋण नसते.’ मग दुसरं उत्तर खोडायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी याच सवयीने भास्कराचार्य वाचले आणि प्रकरणाच्या मसुद्यात ठोकून दिलं, की बाराव्या शतकात ऋण संख्या नीट कळलेल्या नव्हत्या. गाइडनी एकच विचारलं, ‘उदाहरण स्वतः सोडवलंस का?’ नव्हतं सोडवलं.

तुम्ही सोडवा. ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांची दोन उदाहरणं आहेत. पहिलं : कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय, उरलेली १२ डोंगरावर आहेत. उत्तरं दोन, ४८ आणि १६. दोन्ही ताडून बघा, दोन्ही बसतात, आणि आचार्य दोन्ही ठेवतात.

दुसरं : कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. कळप क्ष धरला तर क्ष² − ५५क्ष + २५० = ०. उत्तरं ५० आणि ५. इथे मात्र ५ नाकारलं आहे. का? ५ तर ऋण नाही! समीकरणातही ते चपखल बसतं.

आता मागे जा. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२. वर्ग केल्यावर ४ येतात खरे, पण उणे दोन माकडं आधी मोजायची कुठे? प्रत्यक्ष राशी ऋण झाली तर लोकांना ती पटत नाही, असं कारण आचार्य देतात. म्हणजे अडचण ‘लोकांची’ आहे, त्यांची स्वतःची नाही. याच ग्रंथात ऋण राशीच्या डोक्यावर टिंब देऊन बेरीज-गुणाकार बिनदिक्कत चालतात, आणि धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळं असतात हेही सांगितलेलं आहे. न कळणारा माणूस असं लिहील का?

(हे लोक कोण असतील, याचा विचार करताना मला चाळीसगावजवळचं पाटण आठवतं. नातू चांगदेव यांनी तिथे आचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्या शिलालेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे.)

माझी चूक नेमकी कुठे झाली? मी उदाहरण न वाचता त्याचं आधुनिक समीकरण वाचलं. ते किती गिळून टाकतं हे पाहायचं असेल तर ‘पाचव्या भागातून ३’ऐवजी ‘३ मधून पाचवा भाग’ करून बघा. समीकरण जसंच्या तसं तेच येतं. पण आता ५ माकडं चालतात, आणि ५० बाद होतात.