बोली आणि इशारा : ब्रिजच्या एका नियमाची वाटचाल

पत्त्यांचा खेळ हा स्मरणग्रंथात चर्चेला घेण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या हैदराबादेत उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, तेथील वाचकाला ‘समोरचा काय बोलला ते आम्हांला कळले पाहिजे’ हा आग्रह परका वाटू नये. ब्रिजमधील बोली उघड करण्याच्या नियमांमागे मुळात हाच आग्रह आहे.

आपल्याकडचा जुना पत्तेखेळ गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसन यास गंजिफेचे पत्ते धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे सावंतवाडीला, तसेच पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील निर्मळ येथे हे पत्ते रंगविले जात. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि १२० पाने. दिवसा रामाच्या पानाने खेळ सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. या खेळात जो तो स्वतःपुरता खेळतो. भिडूच नाही, तेव्हा निरोप धाडण्याचा प्रश्नही नाही. मेंढीकोटात मात्र भिडू आला, आणि भिडूबरोबर नेत्रपल्लवी व करपल्लवीही आल्या. बंद हुकमाच्या डावात हुकमाचे पान पालथे ठेवलेले असते आणि ते ठेवणाऱ्याखेरीज इतरांना अज्ञात राहावे असा संकेत असतो. पण घरच्या बैठकीत भुवई जरा वर गेली तर कोणी पंच बोलावीत नाही. खरे तर अर्धी गंमत तिथेच असते!

ब्रिजने ही सवलत काढून घेतली. बोलीचा ब्रिज, म्हणजे ऑक्शन ब्रिज, विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. हिंदुस्थानातील एका आडगावी ठाण्यावर चौथा गडी न मिळालेल्या तिघा इंग्रज मुलकी अधिकाऱ्यांना त्याचे श्रेय देण्याची प्रथा आहे. १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी आगबोटीच्या प्रवासात गुणांची नवी रचना आखली आणि आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज अवतरला. या खेळात तेरा पानांचे हात ६३ हजार ५०० कोटींहून अधिक प्रकारचे संभवतात. ते वर्णन करण्यास खेळाडूपाशी ३५ बोली आणि पास, डबल व रीडबल हे तीन उद्गार, म्हणजे सारे मिळून ३८ शब्द. इतक्या तुटपुंज्या शब्दकोशात अभिधेने भागणे शक्यच नव्हते. लक्षणा आली, पाठोपाठ व्यंजनाही आली. दंडासाठी असलेले ‘डबल’ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘भिडू, तुझा रंग सांग’ या अर्थाने वापरले जाऊ लागले. पुढे १९४५ साली सॅम स्टेमन यांनी प्रसिद्ध केलेल्या संकेतानुसार बिनहुकमी एकवर ‘दोन किलवर’ म्हणणाऱ्यापाशी किलवर असतीलच असे नाही. ‘तुझ्याकडे बदाम वा इस्पिकची चार पाने आहेत काय’ अशी ती पृच्छा असते. १९५७ ते १९६९ या काळात इटलीच्या संघाने दहा वेळा जागतिक अजिंक्यपद जिंकले ते अशाच कृत्रिम बोलींनी भरलेल्या पद्धतींच्या बळावर.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत बंद करून ठेवले होते. ते वाचायचे तर किल्ली हवी, आणि ती राजवाड्यांनी उलगडून दाखविली. ब्रिजचा कायदा अशा लिपीला मनाई करीत नाही, मात्र किल्ली टेबलावर ठेवायला लावतो. भिडूशी कोणताही संकेत ठरवा, परंतु तो प्रतिपक्षापासून लपवू नका, हे त्याचे सूत्र होय.

सूत्र सोपे, अंमल कठीण. दर बोलीला अर्थ विचारीत बसले तर खेळ थांबतो. शिवाय कोणती बोली विचारण्याजोगी आहे, हे नवख्याला कळावे कसे? म्हणून १९७०च्या दशकापासून अमेरिकेत आणि पुढे इतरत्र इशाऱ्याची पद्धत रुजली. बोली करणारा गप्प राहतो. त्याचा भिडू टेबलावर टकटक करतो किंवा इशाऱ्याचे कार्ड दाखवितो. प्रतिपक्षाने आपल्या पाळीला विचारल्यास अर्थही भिडूच सांगतो. स्वतःच्या बोलीचे भाष्य स्वतः करू दिले तर ते भिडूलाच फुकट मिळेल, हे त्यामागील कारण.

येथेच या नियमाची खरी अडचण सुरू होते. भिडू इशारा द्यायला विसरला, तर बोली करणाऱ्याला तत्क्षणी उमगते की आपले म्हणणे पोचलेले नाही. हे ज्ञान त्याला मिळाले ते बोलीतून नव्हे, तेव्हा त्याचा उपयोग करणे निषिद्ध. भिडूने चुकीचा अर्थ सांगितला तरी चेहरा कोरा ठेवायचा. करार आपल्या बाजूचा असेल तर पहिल्या उतारीपूर्वी चूक सांगायची. बचावाची पाळी असेल तर डाव संपेपर्यंत तोंड मिटून बसायचे आणि मग सांगायची. गड्यांकडून इतका संयम मागणारे खेळ फार थोडे असतील. अनेक संघटनांनी बिनहुकमी तीनच्या वरील बहुतेक बोलींना इशाऱ्यातून वगळले, तेही यासाठीच. तेथे इशारा प्रतिपक्षापेक्षा भिडूलाच जागे करी.

काही बोली इतक्या नित्याच्या की त्यांना टकटकीऐवजी थेट शब्द आले. बिनहुकमी एक म्हणताच भिडू ‘पंधरा ते सतरा’ असा गुणांचा पल्ला उच्चारतो. इंग्लंडमध्ये अशा घोषणा २००६ पासून रूढ झाल्या.

१९७५ साली बर्म्युडा येथील जागतिक स्पर्धेत भिडूंमध्ये पडदे उभारले गेले. त्याच स्पर्धेत एका जोडीच्या पायांच्या हालचालींवरून ताशेरे ओढले गेले आणि टेबलांखाली छोटी मेजे ठेवण्याची पाळी आली! पडद्याने इशाऱ्याची रीतच पालटली. पडद्याच्या त्याच बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला आता बोली करणाराच स्वतःचा अर्थ सांगू लागला, कारण पलीकडच्या भिडूला ते दिसत नाही. संगणकावरील ब्रिजनेही हीच रीत उचलली. खेळाडू बोलीबरोबर तिचा अर्थ टंकतो; तो प्रतिपक्षाच्या पडद्यावर उमटतो, भिडूच्या पडद्यावर नाही.