काखेत कळसा: तोफेपासून ॲन्टेनापर्यंत

नांदेड-लातूरच्या श्रोत्यांसमोर शिडाच्या बोटींचा इतिहास सांगायचा म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला: समुद्र इथून इतका लांब, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध दोन वस्तूंचा आहे. एक, औसा-उदगीरच्या किल्ल्यांना लागलेला आपला काळा दगड. दुसरी, एके काळी गावोगावच्या माळवदांवर दिसणारा टीव्हीचा ॲन्टेना आणि त्याचा बूस्टर. या दोन्ही गोष्टींनी दर्यावर्दी लोकांची दिशाभूल केलेली आहे.

सुरुवात 1538 पासून करू. जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी त्या वर्षी लिस्बनहून गोव्याला निघाला. पुढे तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. सूर्याच्या सावलीवरून होकायंत्र तपासण्याचं एक साधन त्याच्याजवळ होतं. वाटेत एका दिवशी मोजमापं जुळेनात. शोधता शोधता कळलं की होकायंत्राजवळ जहाजाची तोफ आहे आणि तिचं लोखंड सुई ओढतंय. पुढे वसईजवळही सुई भरकटली. तिथं त्यानं दोष खडकाला दिला. तो खडक कोणता? आपलाच. दख्खनच्या ज्या काळ्या पाषाणावर लातूर वसलं, तोच कोकणात समुद्रापर्यंत जातो, आणि त्यात लोहचुंबकी खनिज असतं.

जहाजं लोखंडाची होऊ लागली तसा हा प्रश्न वाढला. 1801 ते 1803 या काळात ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजताना मॅथ्यू फ्लिंडर्सनं जहाजावरच्या लोखंडाचा परिणाम नीट अभ्यासला. 1838 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर चुंबक बसवून दुरुस्तीची रीत दाखवली. जहाज गोल फिरवून प्रत्येक दिशेला सुई किती चुकते, याचा तक्ता करायची पद्धत रूढ झाली. आम्हांला या तक्त्याचं फार मोल वाटतं. ‘माझं साधन चुकतं, आणि नेमकं इतकं चुकतं’ असं जहाजानं स्वतःच लिहून ठेवलेलं असतं.

आता आपल्या काळाकडे येऊ. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा 1575.42 मेगाहर्ट्झचा संदेश बोटीपर्यंत पोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली तो दबलेला असतो. ठरलेल्या सांकेतिक खुणेनं तो वेचून काढावा लागतो. जत्रेच्या गर्दीत दूरवरच्या ओळखीच्या माणसाचा आवाज टिपावा, तसंच हे. शेजारी कुणी पिपाणी फुंकली की संपलं.

2001 साली कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात नेमकं हेच झालं. अख्ख्या बंदरात जीपीएस बंद पडलं. तज्ज्ञांनी यंत्रं घेऊन माग काढला, तर उगम निघाले बंदरातल्याच बोटींवरचे टीव्हीचे ॲन्टेना! त्यांतला बूस्टर बिघडला की येणारा संदेश नुसता वाढवत नाही, स्वतःच लहरी सोडायला लागतो. ऐकणारा बोलायला लागतो, म्हणा ना. ज्यांच्या बोटीवर तो होता, त्यांना पत्ताही नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ती गत होती.

शिडाच्या लहान बोटीवर हे जास्त घडतं, कारण सगळंच दाटीवाटीनं बसवलेलं असतं. लांब पल्ल्याच्या रेडिओवरून बोलायला लागलं की त्याच्या लहरी वायरींत शिरतात आणि ऑटोपायलट बोट भलतीकडे वळवतो. डोलकाठीच्या टोकाला व्हीएचएफचा ॲन्टेना असतो आणि त्याला खेटून एलईडी दिवा. स्वस्तातल्या दिव्याची खरखर त्या ॲन्टेनात शिरते. अमेरिकी तटरक्षक दलानं 2018 मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाच काढली.

यात पणाला काय लागतं? कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 19 मे 2010 ला परतले. एकट्या माणसाला झोप घ्यावीच लागते. तो झोपतो तेव्हा सुकाणू यंत्राच्या हाती असतं. त्या यंत्राला भ्रम झाला, तर जागं करायला दुसरं कुणी नाही.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून एक जुना दृष्टान्त सांगतो. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. दोष शंखात नाही, डोळ्यात आहे. पण रोग्याला ते नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी दुसरं प्रमाण लागतं: हाताचा स्पर्श, किंवा शेजाऱ्याचा शब्द. बोटीवर ते दुसरं प्रमाण म्हणजे कागदी नकाशा, साधं होकायंत्र, सेक्स्टंट आणि उघडे डोळे. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये न थांबता एकट्यानं प्रदक्षिणा केली. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला, तरी सेक्स्टंटवर ते घरी पोचले.

युद्धाच्या टापूत मुद्दाम जीपीएस बिघडवतात, ते वेगळं. तिथं शत्रू बाहेर असतो. पण आपण ज्या व्यत्ययाविषयी बोललो, तो आपणच बोटीवर चढवलेला असतो, आणि बहुधा सोयीसाठी. त्याचा उपाय फ्लिंडर्सच्याच वळणाचा आहे. बंदरात शांतपणे एकेक दिवा, पंप, चार्जर सुरू करायचा आणि दरवेळी जीपीएस, रेडिओ, होकायंत्र काय म्हणतात ते वहीत टिपायचं. वायर लांब न्यावी, फेराइटचं कडं घालावं, दिवा बदलावा. खर्च थोडाच येतो.

आपल्या भागातली पोरं आता नौदलात, मर्चंट नेव्हीत जातात. त्यांना आमचं एवढंच सांगणं: पडद्यावरचा ठिपका चुकीचा वाटला, तर उपग्रहाला बोल लावण्याआधी आपल्याच बोटीवर काय काय चालू आहे, ते बघा.