चुलीचा ताळेबंद

मराठी माणसाचा इतिहास लिहिणारे लढाया लिहितात, तह लिहितात, कोणी कोणाला केव्हा कैदेत टाकलं ते तिथीवार लिहितात. पण "आज भाजी काय करू?" हा प्रश्न पहिल्यांदा कोणत्या घरात विचारला गेला, याबद्दल एकही बखर तोंड उघडत नाही. वास्तविक पानिपत एकदा झालं. हा प्रश्न रोज सकाळी होतो आणि संध्याकाळी पुन्हा होतो. त्याचं उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे : "कर काहीही." या दोन शब्दांनी मराठी संसारात जेवढी धुसफूस पेरली, तेवढी भाऊबंदकीलाही जमली नसेल.

हा विषय माझ्याकडे येण्याचं कारण म्हणजे मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकुनी करतो. सध्या अंबाडीला आहे. बदलीचा हुकूम आला तेव्हा आमच्या आत्याने विचारलं होतं, "अंबाडीला? का, मेथीला जागा नव्हती?" तर ही अंबाडी भाजीतली नव्हे, भिवंडीहून वाड्याला जाताना लागते ती. आमची सौ. भिवंडीच्या एका शाळेत शिकवते. शाळा सुटण्याची वेळ ठरलेली आहे. घरी पोचण्याची वेळ रस्त्यावरचे खड्डे आणि ट्रक मिळून ठरवतात. एकदा ती रात्री आठला आली, पर्स खुंटीला लावली, आणि इतिहासप्रसिद्ध प्रश्न विचारला. मी इतिहासप्रसिद्ध उत्तर देणार तोच तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हणालो, "महिन्याभराचं एकदम ठरवून टाकू. तक्ता करतो."

आता कोणताही कारकून नवीन खतावणी उघडताना आधी 'मागील पानावरून पुढे' काय आलंय ते पाहतो. म्हणून तक्त्याआधी मी मागची पानं उलटायला बसलो. (सौ. म्हणाली, "भाजी चिरायची सोडून याला पुस्तकं आठवतात." पण संशोधकाला घरचा विरोध नवा नाही.)

सगळ्यांत मागे गेलं की बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा भेटतो. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात जेवणाचाच एक स्वतंत्र भाग आहे. मांडे आहेत, वडे आहेत, मासे आहेत, इतकंच काय, शेतातले उंदीर भाजून कसे खावेत तेही आहे. पण वेळ कसा वाचवावा याविषयी महाराज एक अक्षर बोलत नाहीत. ज्याच्या मुदपाकखान्यात माणसांची फौज आहे, त्याने वेळ कशाला वाचवायचा?

झटपट जेवणाचा मान जातो तो पहिल्या बाजीरावाकडे. मोगल बादशहाने म्हणे चित्रकार पाठवला, बाजीराव ज्या स्थितीत दिसेल तसा काढून आण म्हणून. आणि चित्र आलं ते घोड्यावर बसून, लगाम सैल सोडून, जोंधळ्याची कणसं तळहातावर चोळून खाणाऱ्या बाजीरावाचं. आख्यायिका असेल, पण स्वयंपाकशास्त्राच्या दृष्टीने हिला तोड नाही. जाळ नाही, भांडं नाही, खरकटं नाही. आमच्या अंबाडी नाक्यावरून एक फाटा वज्रेश्वरीला जातो. तिथलं देवीचं देऊळ बाजीरावाच्या धाकट्या भावाने, चिमाजी अप्पांनी, १७३९ साली वसईचा किल्ला घेतल्यावर बांधवलं. त्या वाटेने जाताना मला नेहमी वाटतं की मराठ्यांच्या वेगाचं गुपित 'आज काय करू' हे विचारायला छावणीत कोणी नव्हतं, यात असावं. घरी हा प्रयोग सुचवून पाहिला. जोंधळ्याचं शेत आणि घोडा आधी आण, असं उत्तर मिळालं.

पण महिन्याचा खरा तक्ता शोधायचा तर राजवाड्यात जायलाच नको. तो भिंतीवर होता. आपलं पंचांग म्हणजे दुसरंतिसरं काही नसून वर्षभराच्या जेवणाचं वेळापत्रक आहे, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. माझ्या आईच्या घरी महिन्याला दोन एकादश्या, एक संकष्टी आणि चार सोमवार धरले, तर सात दिवसांचा प्रश्न महिना सुरू होण्याआधीच सुटलेला असे. सात दिवस साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची. हे चारही पदार्थ मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज वगैरे मंडळी इकडे येण्याआधी आपण उपासाला काय खात होतो कोण जाणे. बहुधा उपासच करत असू. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं बंद, म्हणजे तेवढी यादी छोटी. ते बंद होण्याआधी आषाढात कांदेनवमी, आणि वांग्याची सुटका चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून वाफवलेले दिंड. ऋषिपंचमीला ठरलेली भाजी. एवढं नियोजन आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीलाही जमत नाही.

त्यातला माझा सगळ्यांत आवडता दिवस श्रावणातल्या शिळासप्तमीचा. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. सारवून तिची पूजा करायची आणि आदल्या दिवशी रांधलेलं थंड खायचं. आठवड्याचं जेवण रविवारी करून शीतकपाटात ठेवायचं, हा हल्लीचा शोध म्हणून जो मिरवतो, त्याचं मूळ हे. मी हे फार उत्साहाने सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सप्तमीला चुलीला सुटी. आणि षष्ठीला दोन दिवसांचं रांधत कोण होतं?"

हा प्रश्न मी तेव्हा टिपून ठेवला, कारण पुढची सगळी पानं उलटताना तोच पुन्हा पुन्हा समोर येत गेला.

उदाहरणार्थ वाळवणं. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट, भाजणी, लोणचं ही सगळी आयत्या वेळी वेळ वाचवणारी माल-साठवण. भाजी नसली की पापड भाजा, ताप आला की मेतकूट-भात, अवेळी पाहुणा आला की थालीपीठ. आमच्या या भागात पावसाआधीच्या भरणीला आगोट म्हणतात : सुकट, बोंबील, कांद्याच्या माळी, मसाला, आणि भातामागून शेतात आलेले कडवे वाल. पावसाळ्यात मासेमारी बंद असली तरी घराची चूल अडत नाही. पण हा वाचवलेला वेळ चैत्र-वैशाखाच्या उन्हात, गच्चीवर, डोक्याला पदर गुंडाळून आधीच खर्च झालेला असे. आमच्या भाषेत सांगायचं तर ती मुदत ठेव होती. ठेवणारी एक आणि व्याज खाणारे सगळे.

या श्रमाला पहिल्यांदा जमेची बाजू दिसली ती १९५९ साली. १५ मार्चला गिरगावातल्या एका गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. बँकवाला म्हणून मला ऐंशी रुपये या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटतात. तारण काय, तर लाटणं. आजकाल आमच्याकडे याहून मोठ्या कर्जाला याहून हलकं तारण असतं. हॉकिन्सचा प्रेशर कुकरही त्याच वर्षीचा. वाफ कोंडून अन्न शिजवायची युक्ती तशी फ्रान्सच्या पापँ नावाच्या गृहस्थाने १६७९ सालीच काढली होती. तिला आमच्या शिट्ट्या मोजण्याच्या शास्त्रापर्यंत पोचायला पावणेतीनशे वर्षं लागली. वरण, भात आणि बटाटे तीन डब्यांत, तीन शिट्ट्यांत. घराघरांत स्वयंपाकाचा वेळ घटला. मग वाचलेल्या वेळात काय झालं, तर त्याच बाईने शेजारच्या शेगडीवर चौथा पदार्थ केला.

पुस्तकांचीही तीच गत. मराठीतलं पाकशास्त्राचं पहिलं छापील पुस्तक 'सूपशास्त्र', १८७५ सालचं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. म्हणजे सांगायचं काम पहिल्यांदा पुरुषाने उचललं, ही परंपरेला धरूनच झालेली गोष्ट. मग १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' काढलं, त्यात एक हजार पाकक्रिया. दिवसाला दोन धरल्या तर पाचशे दिवस प्रश्न मिटायला हवा होता. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि मापं वाटी-चमच्यांवर आल्यामुळे तराजूची कटकट गेली. आईच्या प्रतीला हळदीचे इतके डाग आहेत की पुस्तक उकळून वरण करता येईल. १९७३ सालापासून जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' भिंतीवर आलं, पुढे एकादशी आणि मागे पाककृती, म्हणजे एकाच खिळ्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही. त्यातल्या चौकोनांत आई 'दूध नाही', 'गॅस लावला', 'धोबी ११ कपडे' लिहीत असे. 'आज काय करायचं' मात्र कधी लिहिलेलं दिसलं नाही. ते डोक्यात असायचं.

मध्यंतरी सरकारनेही हा तक्ता करून पाहिला. १९४३ साली युद्धाच्या टंचाईत मुंबईला रेशनिंग आलं आणि ताटातला भात कार्डावर लिहून मिळू लागला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळी एक जेवण सोडा म्हणून सांगितलं, आणि लोकांनी सोडलं. महादेवाला जे सोमवार जमवायला शतकं लागली ते शास्त्रीजींनी एका भाषणात जमवले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली ते आजही तिचं नाव निघालं की पाणी पितात. त्याच १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आज काय करू, हा प्रश्न त्या दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याला सोडून थेट मंत्र्यांना विचारला गेला असावा.

साहेबाच्या देशांतही काही वेगळं नाही. १९१२ साली क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनी कारखान्यात कामगारांची हालचाल मोजतात तशी भांडी घासताना आपलीच हालचाल मोजली, आणि ओटा किती उंच असावा इथपासून धडे दिले. १९८३ साली रूथ श्वार्ट्‌झ कोवान यांनी पुस्तकच लिहून दाखवलं की घरात यंत्रं आली तशी पुरुषांची आणि पोरांची कामं सुटली, आईची वाढली. लाकडं फोडायची नवऱ्याची पाळी शेगडीने संपवली. रांधायची बायकोची पाळी संपवणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

आणि आपला आकडाही आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ जातो कुठे याची पाहणी केली. तेव्हा शंभरातल्या ८१ स्त्रिया घरचं बिनपगारी काम करत होत्या, दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुषांपैकी २६ जण करत होते, आणि ते करत होते ते ९७ मिनिटं. २९९ हा आकडा बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा आहे, पाच तासांना एक मिनिट कमी. ते एक मिनिट बहुधा "काय करू?" विचारण्यात जात असावं.

एवढी मागची बाकी ओढून मग मी तक्ता आखला. चार आठवडे, तीन रकाने : पदार्थ, वेळ, आगाऊ तयारी. अर्ध्या तासावर जाणारा पदार्थ नामंजूर. सोमवारी मुगाची खिचडी, आमसुलाचं सार. मंगळवारी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. बुधवारी मटकीची उसळ, गुरुवारी भाजणीचं थालीपीठ, शुक्रवारी बिरडं, शनिवारी मेतकूट-भात आणि भाजलेला पापड. रविवारी तीन कडधान्यं एकदम भिजत घालायची आणि फडक्यात बांधायची, वाटण करून ठेवायचं, भाजी निवडून ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात हेच वार फिरवून, म्हणजे कुणाला संशय येत नाही. पदार्थ साधेच, पण महिन्याला बारा तास वाचतात, हे मी बेरीज मारून सिद्ध केलं आणि तक्ता तपासणीला सादर केला.

सौ.ने लाल पेन घेतलं. (ती गणित शिकवते.) तीन रकान्यांच्या पुढे तिने चौथा रकाना आखला, वर लिहिलं 'कोण', आणि वाल सोलणे, कडधान्य भिजवणे, वाटण, निवडणं, भाकऱ्या, ओटा पुसणे अशा ओळी खाली सोडून पेन माझ्या हातात दिलं. लेखापरीक्षकाच्या शेऱ्याला उत्तर लेखीच द्यावं लागतं. दोन संध्याकाळ वाटाघाटी चालल्या. वसईच्या वेढ्यातही एवढ्या झाल्या नसतील. मंगळवार, गुरुवार आणि सगळी भिजवणी माझ्याकडे आली. भाकऱ्या तिच्याकडे राहिल्या, कारण माझी भाकरी पहिल्याच दिवशी वाडा तालुक्याच्या नकाशासारखी झाली. ओटा दिवसाआड.

तक्ता फ्रीजला चिकटवला आहे आणि गेले तीन महिने चालू आहे. बिघडला तो जूनमध्ये, तोही माणसांमुळे नव्हे. पहिल्या पावसानंतर नाक्यावर कातकरी बाया टोपल्या घेऊन बसल्या, आणि त्यात शेवळं. ही भाजी फार थोडे दिवस येते, कुठल्याच तक्त्यात बसत नाही, आणि नीट केली नाही तर घशाला खाजते, म्हणून जोडीला काकडं घ्यावी लागतात. मंगळवार होता, पिठल्याचा. सौ. दोन जुड्या घेऊन घरी आली आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवल्या. वरचं पान काढायचं, दांड्यावरचा पिवळा भाग टाकायचा, उरेल तेवढं बारीक चिरायचं. हाताला तेल लावायला तिने आठवण केली. चौकोनात पिठलं खोडून मी लिहिलं : 'शेवळं. निवडणे मी, फोडणी ती. एक तास दहा मिनिटं.' अर्ध्या तासाच्या नियमाखाली मंजुरी कोणाची, असं तिने विचारलं, तेव्हा मी दुसरी जुडी सोडवत होतो.