लघुपाणबुडी आणि धरण : एका युद्धकालीन कल्पनेची शक्याशक्यता

देवरी तालुक्यात बाघ नदीवर असलेले सिरपूरचे धरण हे युद्धोत्तर काळातील बांधकाम होय. तथापि त्याच्या काठी उभे राहिले असता दुसऱ्या महायुद्धाच्या अभ्यासकास एक प्रश्न सहज सुचतो. शत्रूने एखादी लघुपाणबुडी जलाशयात उतरवून धरण फोडण्याचा कट रचला असता, तर तो सिद्धीस गेला असता काय? कल्पना रोमहर्षक आहे. म्हणूनच तिची परीक्षा पुराव्याच्या कसोटीवर करणे अगत्याचे ठरते. ही परीक्षा मार्ग, भार आणि भित्ती या तीन अंगांनी करावी लागेल.

प्रथम मार्गाचा विचार करू. हिंदी महासागरात जपानी लघुपाणबुड्या खरोखरीच वावरत होत्या. ३० मे १९४२ रोजी मादागास्करमधील दिएगो सुआरेझ बंदरात त्यांनी ‘रॅमिलीझ’ या ब्रिटिश युद्धनौकेस जबर इजा केली व एक तेलवाहू जहाज बुडविले. परंतु या नौका सुमारे ४६ टन वजनाच्या होत्या आणि मोठ्या पाणबुडीच्या पाठीवरून लक्ष्याजवळ आणल्या जात. मुंबईला वीज पुरविणारे वळवण, शिरवटा, मुळशी आदी जलाशय तर सह्याद्रीच्या माथ्यावर होते. समुद्रातून तेथवर जलमार्ग नव्हता. एवढे धूड घाट चढवून गुप्तपणे पाण्यात सोडणे म्हणजे कटाचे गुप्तपण प्रारंभीच गमावणे होय. विदर्भातील तलावांविषयी तर बोलावयासच नको.

दुसरा मुद्दा भाराचा. जपानी लघुपाणबुडीवर दोन पाणतीर असत व प्रत्येकात सुमारे ३५० किलोग्रॅम स्फोटक असे. याउलट १६-१७ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतील म्योन व एडर ही धरणे फोडणाऱ्या ब्रिटिश सुरुंगात सुमारे ३,००० किलोग्रॅम स्फोटक होते, आणि म्योनची भिंत पडण्यास असा एक सुरुंग पुरला नाही. ब्रिटिशांची ‘एक्स’ जातीची लघुपाणबुडी मात्र दोन-दोन टनांचे दोन सुरुंग वाहून नेई. २२ सप्टेंबर १९४३ रोजी नॉर्वेतील फ्योर्डमध्ये तिने ‘टिर्पिट्झ’ ही युद्धनौका निकामी केली. म्हणजे केवळ भाराच्या दृष्टीने कल्पना सर्वस्वी असंभाव्य नव्हती.

येथे तिसरा मुद्दा निर्णायक ठरतो. म्योनची दगडी भिंत ४० मीटर उंच व तळाशी ३४ मीटर रुंद होती. अशा भिंतीस तडा द्यावयाचा तर स्फोट पाण्याखाली आणि भिंतीस लागूनच व्हावा लागतो. वेल्समधील नांत-इ-ग्रो या लहान धरणावर जुलै १९४२ मध्ये झालेल्या प्रयोगाने हे सिद्ध केले. पाणतिरांच्या भयाने जर्मनांनी म्योनपुढे जाळ्यांच्या रांगा लावल्या होत्या. त्या ओलांडण्यासाठीच पाण्यावर उसळणाऱ्या सुरुंगाची योजना झाली. मातीच्या धरणाचे शास्त्र निराळे. त्याच रात्री सोर्पे धरणावर सुरुंग पडूनही ते फुटले नाही, कारण मातीची रुंद कूस धक्का पचविते. १ मे १९५१ रोजी कोरियातील ह्वाचोन धरणावर अमेरिकी विमानांनी पाणतीर सोडले, तेव्हाही भंगले ते दरवाजे; भिंत उभीच राहिली.

मग युद्धकाळात आपल्याकडे काय घडले? १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. वीज तोडावयाची तर धरणास हात लावण्याची गरज नाही, हा धडा त्यातून मिळतो. धरणाचे खरे मर्म शोधावयाचे तर १२ जुलै १९६१ कडे पाहावे. त्या दिवशी पानशेतचे अपुरे मातीचे धरण कोणत्याही शत्रूवाचून ढासळले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याची दगडी भिंत फुटली आणि पुणे बुडाले. घाई व अपुरे बांधकाम यांनी जे केले ते करण्यास पाणबुडीची आवश्यकता नव्हती.

सारांश, महाराष्ट्रातील धरणांपुरता असा कट तत्त्वतः विचारार्ह, पण व्यवहारतः अशक्य होता, असाच निष्कर्ष निघतो. परंतु या विवेचनात एक बाब विसरून चालणार नाही. म्योनच्या पुरात तेराशेहून अधिक माणसे दगावली व त्यांत सक्तमजुरीसाठी आणलेल्या सोव्हिएत स्त्रियांची संख्या मोठी होती. १९७७ च्या जिनीव्हा पूरक संधीने धरणांना संरक्षण दिले ते याच जाणिवेतून. भारताने मात्र त्या संधीस अद्याप मान्यता दिलेली नाही. धरण फोडण्याची शक्याशक्यता मोजताना इतिहासकाराने भिंतीची जाडी जशी मोजावी, तशीच भिंतीखालच्या गावांची मोजदादही करावी.