काटकसर कोणी केली? मराठी घरातलं शिळं अन्न, फिरतं पुस्तक आणि मातीचा किल्ला

इतिहासाच्या व्याख्यानाला आपण येतो तेव्हा लढाया, तह, चळवळी यांची अपेक्षा असते. आज त्यातलं काही नाही. आज शिळी पोळी आहे, लायब्ररीतून आणलेलं पुस्तक आहे आणि दिवाळीतला मातीचा किल्ला आहे. साधारण १९४० ते १९८० या काळातलं मराठी घर, म्हणजे मुख्यतः शहरातलं आणि तालुक्याच्या गावातलं पांढरपेशं घर, या तीन गोष्टींतून कसं दिसतं ते बघायचंय. आणि मधेमधे त्या घराच्या उंबऱ्याबाहेरही डोकवायचंय.

तिन्ही गोष्टींना जोडणारा शब्द आपल्या ओळखीचा आहे: काटकसर. हा शब्द आपण स्वभाव सांगायला वापरतो. ‘आमची आजी फार काटकसरी होती,’ असं म्हणतो आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं, की इतिहास बघताना काटकसरीला काम मानावं. काम म्हटलं की प्रश्न विचारता येतात. ते कोणी केलं? त्याला किती वेळ लागला? वाचलेलं कोणाच्या ताटात गेलं? स्वभावाला हे प्रश्न कोणी विचारत नाही.

आधी स्वयंपाकघर. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी त्यांचा कुस्करा करून फोडणीची पोळी, किंवा गूळ-तूप घालून मुलांसाठी लाडू. भात उरला तर फोडणीचा भात. पुरणाची डाळ शिजवली की वरचं पाणी टाकायचं नाही, त्याची कटाची आमटी. दोडका चिरला की शिरांची चटणी. लोणी कढवलं की तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांना. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला की मागे उरलेल्या भुश्शाच्या भुसवड्या. ही यादी तुम्हीसुद्धा वाढवू शकाल. एक गोष्ट लक्षात घ्या. यातला एकही पदार्थ आपोआप होत नाही. शिरांची चटणी करायची तर शिरा आधी काढून, बारीक चिरून, मंद आचेवर परताव्या लागतात. एका दोडक्याच्या शिरांतून चटणी निघते ती दोन चमचे. म्हणजे पैसे वाचतात ते वेळ आणि अंगमेहनत खर्चून. जमाखर्चाच्या वहीत वाचलेला पैसा दिसतो, खर्च झालेली दुपार दिसत नाही.

आता या सगळ्याला काळाची चौकट देऊ. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३च्या मे महिन्यात, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. ‘कंट्रोल’ हा इंग्रजी शब्द मराठी घरात शिरला तो याच काळात; ‘कंट्रोलचा तांदूळ’, ‘कंट्रोलची साखर’. पुढे १९६५मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि अनेक घरांत सोमवारची रात्रीची चूल पेटेनाशी झाली. मग १९७२चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली मिलो ही लालसर ज्वारी रेशनवर मिळू लागली, आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या मुखी सुकडी आली. मिलोची भाकरी आपल्या ज्वारीसारखी थापली जात नाही, चिरते. ज्या बाईचा हात तीस वर्षं एका पिठावर बसलेला, तिला तो नव्याने बसवावा लागला. धोरण दिल्लीत ठरलं, पण ते खाण्याजोगं झालं ते परातीत.

याच तीस वर्षांत पाककृतीचं पुस्तकही बदललं. मराठीतलं सुरुवातीचं छापील पाकपुस्तक म्हणजे १८७५चं ‘सूपशास्त्र’. ते लिहिलं एका पुरुषाने, रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी. तिथून जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७०मध्ये, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्याचं मोठेपण कशात आहे? मापात. वाटी आणि चमचा. ‘अंदाजाने’ हा शब्द सासूकडून सुनेला कळतो, कारण दोघी एकाच चुलीपाशी असतात. पण १९७०पर्यंत मुंबई-पुण्यातच काय, भिलाई, दिल्ली, अमेरिका इथेही मराठी मुली लग्न करून गेल्या होत्या आणि शेजारी सासू नव्हती. जे ज्ञान हातात होतं ते वाटीत मोजून कागदावर उतरवावं लागलं. काटकसरीच्या दृष्टीनेही याला अर्थ आहे, बरं का. माप चुकलं की पदार्थ बिघडतो आणि बिघडलेला पदार्थ म्हणजे वाया गेलेलं रेशन.

आता तो अवघड प्रश्न. उरलेलं कोण खायचं? मुलांना लाडू मिळायचा, हे खरं. पण शेवटच्या पंगतीला बायका बसायच्या. भाजी संपली असेल तर चटणी, पोळी कमी पडली तर कालचा भात. ‘मला हेच आवडतं,’ असं म्हणणारी बाई प्रत्येक घरात होती, आणि तिला ते खरंच आवडतं का, हे विचारायची पद्धत नव्हती. घराची काटकसर अशी ताटाताटांत सारखी वाटलेली नव्हती.

आणि काटकसर हा शब्दही सगळ्यांना सारखा मिळाला नाही. उरण्यासाठी आधी असावं लागतं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक लिहिलं, २०१५ साली आलं. मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करायच्या आणि त्या पुढे पुरवून वापरायच्या, अशा रीतींची त्यात नोंद आहे. आता सांगा, अंगणात सांडगे आणि कुरडया वाळवणं आणि चान्या वाळवणं, यात कौशल्य म्हणून काय फरक आहे? ऊन तेच, राखण तीच, पावसाळ्याची काळजी तीच. पण एकाला सुगरणपणा म्हटलं गेलं आणि दुसऱ्याकडे बघून नाक मुरडलं गेलं. कोणाची काटकसर गुण ठरली हेही इतिहासातच बघावं लागतं.

आता पुस्तकाकडे येऊ. घरात वाचन होतं असं आपण सहज म्हणतो, पण बाईच्या हातात पुस्तक येणं मुळीच सहज नव्हतं. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१०मध्ये प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ती त्यांना शिकवत होते आणि घरातल्याच बायकांना ते खपत नव्हतं, हे त्यांनी लिहून ठेवलंय. तिथपासून १९५०-६०च्या दशकातल्या दुपारी मासिक वाचत पडलेल्या गृहिणीपर्यंत यायला दोन-तीन पिढ्या गेल्या.

विकत घेऊन वाचणं फार थोड्यांना परवडत होतं. म्हणून वाचनाची काटकसर संस्थांनी केली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. वर्गणी भरली की एक पुस्तक घरी यायचं आणि बदलून आणायच्या आत चार जणांचं वाचून व्हायचं. १९६७मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. मुलांसाठी ‘आनंद’ मासिक १९०६पासून होतं, ‘चांदोबा’ मराठीत १९५२मध्ये आला, आणि बालभारतीचं ‘किशोर’ १९७१मध्ये. एक अंक वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांत फिरायचा. दिवाळी अंकाचंही तसंच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९मध्ये काढला, तिथून ही प्रथा रुजली, आणि एकच अंक फेब्रुवारीपर्यंत पुरवून वाचणं हीसुद्धा प्रथाच झाली.

आणखी एक वाचनालय होतं, त्याला वर्गणी नव्हती. वाण्याची पुडी. डाळ, साखर, जिरं रद्दीच्या कागदात बांधून यायचं. पुडी सोडली की डबा भरायचा आणि कागद सरळ करून वाचायचा. गोष्ट अर्धीच असायची, पुढचं पान दुसऱ्या कोणाच्या मोहरीला गुंडाळून गेलेलं. गोष्टीचा शेवट मुलांनी आपापल्या मनाने करायचा.

आता तिसरी गोष्ट, मुलांच्या हातची. दिवाळीतला किल्ला घ्या. सामान काय? दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती, माती. वर हळीव किंवा मोहरी पेरायची म्हणजे चार-पाच दिवसांत हिरवळ. विकत आणायचे ते फक्त मावळे आणि सिंहासनावर बसलेले महाराज, आणि तेही पुढच्या वर्षीसाठी कापसात गुंडाळून ठेवायचे. आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि स्वयंपाकघरातली कणकेची खळ. जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणाने शिवून रफ वही. काड्यापेट्यांची भातुकलीतली कपाटं. आईच्या विटलेल्या लुगड्यांची गोधडी होताना मुलांना मिळायचं ते सुईत दोरा ओवायचं काम, कारण आजीला दिसत नसे.

हा नुसता वेळ घालवणं नव्हता, हे मराठी मुलखातल्या शिक्षणाच्या विचारकांनी फार आधी ओळखलं. वर्ध्याला १९३७मध्ये शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नयी तालीम तिथे पुढे आली: हस्तोद्योगातून शिक्षण. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता. माँटेसोरी पद्धत त्यांना पटलेली होती, पण तिची साधनं महाग. गरीब वस्तीत ती कुठून आणणार? मग १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू झाल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मणी, शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतून साधनं तयार केली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. आपल्या ओळखीचा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामाशी जोडलेला आहे. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा आली. म्हणजे घरात जी गोष्ट ‘उगाच खर्च नको’ म्हणून होत होती, तीच इथे विचारपूर्वक शिक्षणाची पद्धत झाली. शिंपले मोजणाऱ्या मुलाला गणित येतं आणि आपल्या गावातल्या वस्तूंना किंमत आहे हेही कळतं.

आजकाल या सगळ्याकडे पुन्हा लक्ष जातंय. ‘काही वाया न घालवणारं स्वयंपाकघर’, ‘टाकाऊतून टिकाऊ’. चांगलंच आहे. फक्त जुन्या घराचं गोड चित्र उचलताना त्यातलं काम आणि त्यातली वाटणी मागे टाकू नये. आज घरात शिळ्या पोळीचे लाडू करायचे असतील तर ते कोण करणार, हा प्रश्न विचारून मग करावेत. दोडक्याच्या शिरा मुलग्यांनाही काढता येतात.

शेवटी एक मागणं. या इतिहासाची साधनं अभिलेखागारात फार थोडी आहेत. ती घराघरांत आहेत: जमाखर्चाच्या वह्या, कालनिर्णयच्या पानामागे लिहिलेल्या पाककृती, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर केलेल्या वाणसामानाच्या याद्या. काटकसर करणाऱ्या हातांनी कागदही वाया घालवला नाही, म्हणून तर हे लिहिलेलं उरलंय. घर बदलताना, माळा आवरताना हेच कागद सगळ्यांत आधी रद्दीत जातात. ते देण्याआधी एकदा उघडून बघा. आणि ते लिहिणारी व्यक्ती अजून घरात असेल तर तिच्याजवळ बसून कृती उतरवून घ्या. त्याखाली आणखी एक ओळ लिहा, हा पदार्थ कोण करायचं आणि शेवटी कोणाला उरायचा. पुढच्या इतिहासकाराला कृतीपेक्षा त्या ओळीचाच जास्त उपयोग होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.