नाती माणसांनीच बांधली



काही घरांत सून अजूनही सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते. असं का, हा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत निघाला. उत्तर जुन्या चालीत आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत होती. मग सुनेची सासू खरोखरच तिची आत्या असे, आणि आत्याच्या नवऱ्याला आपण मामाच म्हणतो. रीत कमी झाली, शब्द राहिले.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यागोत्यांवर मोठं पुस्तक लिहिलं. उत्तरेकडे मामे-आते भावंडांचं लग्न सहसा चालत नाही, दक्षिणेत ते चांगलं मानतात. महाराष्ट्र या दोघांच्या मधला.

आपल्या यवतमाळातले गोंड आणि कोलाम बांधव देवांच्या संख्येवरून सोयरीक पाहतात. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. सारखे देव असले की ते भाऊ-बहीण, लग्न नाही. गोंडांमध्ये एका घरातून गेलेल्या लेकीची मुलगी पुढच्या पिढीत त्याच घरात सून होऊन येते, त्याला ‘दूध लौटावा’ म्हणतात. देज द्यायची ऐपत नसली तर मुलगा सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबतो, तो ‘लमसेना’. आणि मेघालयात खासी लोकांमध्ये आईचं घर धाकट्या लेकीकडे जातं, कूळही आईचंच चालतं.

म्हणजे लेक परक्याचं धन, हा काही जगाचा नियम नाही. माणसांनी केलेली रीत माणसं बदलू शकतात. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलासारखा हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या लेकी बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने त्यांनाही हक्क मिळाला. आदिवासी बहिणी मात्र या कायद्यात नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, लेक आहे म्हणून वाटा नाकारणं हे समानतेच्या विरुद्ध आहे, असं सांगितलं.

तरीही वडील गेले की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि आपण माहेर तुटेल या भीतीने सही करतो. हक्क सोडायचा की नाही, हे आपलं आपण ठरवावं. पण आधी कागद गटात आणा, वाचून घ्या, तलाठ्याकडे वारसनोंदीत आपलं नाव लागलं का ते पाहा.

माहेर प्रेमाचं आहेच. सातबाऱ्यावर नाव लागल्याने ते प्रेम कमी होऊ नये, एवढं भावांनाही सांगू या.